सेवाभावाला दहा गुण: समाजकार्याच्या प्रवेश मुलाखती घेणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे. वीसेक वर्षं केसवर्क, म्हणजे एकेका माणसाची वा कुटुंबाची अडचण हाती घेऊन सोडवण्याचं काम केलं, विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याचं, म्हणजे वस्तीत-संस्थेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाचं सुपरव्हिजन केलं, आणि आता प्रवेशाच्या हंगामात बाहेरची सदस्य म्हणून मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसते. त्यामुळे या पत्रात जे आक्षेप आहेत ते माझ्यावरही आहेत. खरं तर ते सगळ्यात आधी माझ्यावरच आहेत.

गेल्या वेळी आपण तीन दिवस एकच प्रश्न विचारत होतो : "तुम्हाला समाजकार्यातच का यायचं आहे?" उत्तरं तुम्हालाही आठवत असतील. समाजाचं ऋण फेडायचं आहे. लहानपणापासून दुसऱ्यांसाठी काहीतरी करायची आवड आहे. कुणाच्या चेहऱ्यावर हसू आणता आलं तर जन्माचं सार्थक होईल. मुलं खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच पुढच्या उमेदवाराचं वाक्य आपल्याला पाठ झालेलं होतं. तरीही आपण मान डोलावत होतो, आणि गुणपत्रिकेतल्या 'सेवाभाव' या रकान्यात सात, आठ, क्वचित नऊ लिहीत होतो.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली. तोच प्रश्न. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मला नोकरी लवकर लागायला हवी आहे. आणि हे काम मला जमेल असं वाटतं." खोली एकदम गप्प झाली. कुणीतरी घसा साफ करून पुढचा प्रश्न विचारला. मी त्या रकान्यात दहापैकी तीन लिहिले. तिची निवड झाली नाही.

तेव्हापासून ते तीन गुण माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून हे पत्र.

मी स्वतः उमेदवार म्हणून बसले होते तेव्हा माझं उत्तरही "समाजाचं ऋण" हेच होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगायची मला लाज वाटली. मी बारा-तेरा वर्षांची असताना वडील बरेच दिवस रुग्णालयात होते. आई कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरायची आणि संध्याकाळी रडायची. एके दिवशी तिथल्या समाजसेविका बाई आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी आईला धीर वगैरे दिला नाही. सगळे कागद मागून घेतले, मांडीवर लावले, दोन वेगळे काढले आणि सांगितलं, "हा आधी, हा नंतर. आणि हा तिसरा मागतील, तो लागत नाही, त्यांना माझं नाव सांगा." दोन दिवसांत काम झालं. मला त्या बाईंसारखं व्हायचं होतं. दयाळू नव्हे. कोणता कागद आधी लागतो हे माहीत असलेली, आणि जिचं नाव सांगितल्यावर खिडकी उघडते अशी बाई. त्यात सेवा होती तशी सत्तेची ओढही होती. आईला रडताना पाहून जी लाचारी वाटली होती तिच्यावर मला उपाय हवा होता. हे मुलाखतीत सांगितलं असतं तर मला किती गुण पडले असते, याचा अंदाज आता मला आहे.

आपल्या व्यवसायाचा इतिहास आपणच शिकवतो. त्यात या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट लिहिलेलं आहे, पण मुलाखतीच्या खोलीत आपण ते विसरतो. १८८९ हे एकच साल घ्या. त्या वर्षी जेन अॅडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासोबत शिकागोत हल हाउस हे गरीब वस्तीत राहून काम करण्याचं केंद्र सुरू केलं. त्याआधीची आठ वर्षं त्यांच्यासाठी फार वाईट गेली होती. १८८१मध्ये वडील गेले. वैद्यकीय शिक्षणाला सुरुवात केली, ते पाठीच्या दुखण्यात आणि खचलेल्या मनःस्थितीत अर्धवट सुटलं. घरी पैसा होता, युरोपच्या दोन सफरी झाल्या, आणि तरीही आपलं आयुष्य कुणाच्याच उपयोगाचं नाही ही भावना जात नव्हती. दुसऱ्या सफरीत, १८८८मध्ये, त्यांनी पूर्व लंडनमधलं टॉयन्बी हॉल पाहिलं. १८८४मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रात विद्यापीठातली शिकलेली मुलं गरीब वस्तीत राहायला येत. तिथून त्यांना वाट सापडली. ही रिकामपणाची बोच अॅडम्सनी कधी लपवली नाही. १८९२मधल्या एका व्याख्यानात त्यांनी उघड मांडलं, की अशा केंद्रांची गरज आजूबाजूच्या गरिबांना आहे तशीच ती तिथं येणाऱ्या सुशिक्षित तरुण-तरुणींनाही आहे, कारण शिकूनसवरून काही करायला न मिळाल्यानं त्यांची मनं कोमेजत चालली आहेत. विचार करा, हे उत्तर आज एखाद्या उमेदवारानं दिलं तर? "मला रिकामं रिकामं वाटतं, म्हणून मी आलेय." आपण तिला समुपदेशकाकडे पाठवू.

त्याच १८८९ साली मेरी रिचमंड बाल्टिमोरमधल्या एका धर्मादाय संस्थेत नोकरीला लागल्या. सहायक खजिनदार म्हणून. हिशेबनिसाचं काम करून पोट भरणारी, लहानपणीच आईबापांविना झालेली ही अठ्ठावीस वर्षांची मुलगी. तिला नोकरी हवी होती आणि ती मिळाली. दोनच वर्षांत ती त्या संस्थेची सरचिटणीस झाली. घरी भेटी द्यायला जाणाऱ्यांकडे कळकळ आहे पण पद्धत नाही, हे तिच्या लक्षात आलं. १८९७मध्ये तिनं या कामासाठी रीतसर शिक्षण हवं अशी मागणी केली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पहिला उन्हाळी अभ्यासक्रम निघाला. १९१७मध्ये तिनं केसवर्कची पद्धत ग्रंथरूपानं मांडली. माहिती कुठून घ्यायची, ती कशी पडताळायची, कुटुंब, शेजार, शाळा, कामाची जागा या सगळ्यांतून एका माणसाची अडचण कशी वाचायची, हे सगळं त्यात आलं. आज आपण ज्याला केस हिस्टरी म्हणतो तिचा पाया हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या या हातांनी घातला. नोकरी लवकर हवी असलेल्या त्या मुलीचं आठवतं तेव्हा मला मेरी रिचमंड आठवतात. तीन गुण.

मग ही सेवाभाव मोजण्याची सवय आपल्याला कुठून लागली? मला तिचं एक मूळ १९१५च्या एका भाषणात दिसतं. वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेऊन नाव कमावलेले अब्राहम फ्लेक्सनर बाल्टिमोरच्या परिषदेत समाजकार्य हा व्यवसाय आहे का, या प्रश्नावर बोलले. त्यांचं उत्तर होतं, अजून नाही. या कामाला स्वतःची अशी, शिकवता येईल अशी पद्धत नाही, असं त्यांचं म्हणणं. मात्र समारोपात त्यांनी या क्षेत्रातल्या लोकांच्या निःस्वार्थ वृत्तीचा गौरव केला. म्हणजे विद्या कच्ची, पण मन चांगलं. हा शेरा आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना लागला. रिचमंडच्या दोन वर्षांनी आलेल्या ग्रंथानं त्याला उत्तर दिलं. आपण मात्र अजून तो मनाचाच दाखला उमेदवारांकडून मागतो आहोत, आणि विद्येचं नंतर बघू म्हणतो आहोत.

२०१४मध्ये समाजकार्यकर्त्यांच्या आणि समाजकार्य शिक्षणसंस्थांच्या जागतिक संघटनांनी मेलबर्नमध्ये समाजकार्याची व्याख्या नव्यानं मान्य केली. तीत सामाजिक बदल आहे, माणसांचं सबलीकरण आणि मुक्ती आहे, सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी, विविधतेचा आदर आहे. सेवा हा शब्द तीत नाही. त्याग नाही. आपण हीच व्याख्या पहिल्या सत्रात फळ्यावर लिहितो आणि त्याआधी महिनाभर मुलांना सेवाभावावर गुण दिलेले असतात.

तुम्ही म्हणाल, शब्दच तर आहे, त्यानं काय बिघडतं. बिघडतं, आणि कुणाचं बिघडतं ते मी माझ्याच अनुभवावरून सांगते.

कामाच्या पहिल्या वर्षी एका कुटुंबाची मदत मंजूर व्हावी म्हणून मी चार महिने झटले. सुट्टीच्या दिवशी गेले, स्वतःचे पैसे घातले, दोन कार्यालयांत भांडले. मदत मंजूर झाली. पुढच्या गृहभेटीला गेले तर त्या घरातल्या बाईंनी दारातूनच सांगितलं, "आता काही काम नाही ना? मग आज नको." मला इतकं लागलं की मी परत येऊन सुपरव्हायझरसमोर रडले. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "तू तिच्याकडे काय द्यायला गेली होतीस ते मला माहीत आहे. काय घ्यायला गेली होतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. मी निःस्वार्थ आहे असं मी मुलाखतीपासून म्हणत आले होते, लोकही म्हणत होते. त्यामुळे मला काही हवं आहे हे मला दिसतच नव्हतं. आणि जे दिसत नाही ते वसूल मात्र होतच असतं. मला कृतज्ञता हवी होती. त्या बाईंनी चार महिने अनोळखी मुलीसमोर घरातलं सगळं उघडं केलं होतं, पगार किती, कर्ज किती, नवरा मारतो का. ते दार एक दिवस बंद ठेवण्याचा हक्क त्यांना मिळाला आणि मला तो अपमान वाटला. ज्या मुलीला पगार हवा आहे आणि ते ती उघड बोलते, ती निदान आपली वसुली महिन्याच्या शेवटी संस्थेकडून करते. निःस्वार्थ माणूस ती लाभार्थ्याकडून करतो. हे वाक्य कठोर वाटेल, पण वीस वर्षांत मी जे पाहिलं त्यातून ते आलंय आणि मी ते मागे घेणार नाही.

दुसरं नुकसान त्या मुलांचं स्वतःचं. १९७४मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञानं 'बर्नआउट'वर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात स्वतः काम करत होता आणि तिथल्या स्वयंसेवकांना जळून विझताना पाहत होता. सगळ्यांत आधी कोण विझतं, तर जे सगळ्यांत जास्त झोकून देतात ते, हे त्यानं तेव्हाच नोंदवलं. म्हणजे ज्या गुणाला आपण नऊ गुण देतो त्याच गुणाची ही जोखीम पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. मी सुपरव्हिजन केलेल्या मुलांत हे पुनःपुन्हा पाहिलं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास सगळ्यात उत्साही मूल एके दिवशी केस फाईल उघडतं आणि त्याला आत काहीच हलत नाही. ते घाबरतं, कारण त्याच्यापाशी कामाचं एकच कारण होतं, कळवळा, आणि आज तो आला नाही. ते कुणाला सांगतही नाही. थकलो म्हणणं म्हणजे सेवाभाव संपला अशी कबुली वाटते. मग एक तर ते सोडून जातं, नाहीतर राहतं आणि समोरच्या माणसाला फाईल म्हणू लागतं. दुसरं जास्त वाईट.

आणि पगार. याबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण सांगण्यासारखं नवं काही नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस आपल्याला पूज्य वाटतो. पूज्य माणसाशी पगाराची बोलणी कुणी करत नाही. मग या क्षेत्रात ज्यांच्या घरी खायला आहे तेच टिकतात, आणि ज्यांनी गरिबी आतून पाहिली आहे ते दोन वर्षांत दुसरी नोकरी शोधतात. आपल्या रकान्यामुळे ही गाळणी आणखी बारीक होते.

इथं एक गोष्ट मला जपून मांडायची आहे, कारण तिच्याबाबतीत आपले खरे मतभेद आहेत. काही उमेदवार स्वतःची जखम घेऊन येतात. घरात दारू होती, मारहाण होती, कुणी आत्महत्या केली होती. ते सांगताना त्यांचा आवाज कापतो आणि आपल्यापैकी निम्मे जण भारावून जास्त गुण देतात, निम्मे जण "अजून सावरलेली नाही" म्हणून कमी देतात. मला दोन्ही चूक वाटतं. भोगलेलं दुःख ही पात्रता नाही आणि अपात्रताही नाही. १९३५मध्ये अॅक्रनमध्ये दोन मद्यपींनी एकमेकांना सावरत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या मद्यपींच्या स्वमदत संघटनेची सुरुवात केली. बिल विल्सन तिथं डॉ. बॉब स्मिथना भेटायला गेले ते त्यांचं भलं करायला नव्हे. स्वतःची दारू त्या दिवशी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून त्यांना दुसऱ्या मद्यपीशी बोलायचं होतं. त्या स्वार्थातून किती माणसं उभी राहिली हे आपण सगळे जाणतो. तेव्हा जखमेबद्दल विचारायचं असेल तर एवढंच विचारावं : समोर बसलेल्या माणसाचं दुःख तुझ्या दुःखासारखं नसेल, तर ते ऐकायला तुझ्यापाशी जागा आहे का? आणि हे उत्तर मुलाखतीत मिळत नाही. ते क्षेत्रकार्यात, चांगल्या सुपरव्हिजनखाली, सहा-आठ महिन्यांत दिसायला लागतं.

मला वाटतं आपली मूळ चूक हीच आहे. आपण प्रेरणा ही आधी तयार असलेली वस्तू समजतो, जी उमेदवारानं सोबत आणायची आणि आपण तपासून आत घ्यायची. प्रत्यक्षात ती कामातून घडते, आणि घडताना माणसालाही घडवते. क्लेमंट अॅटली १९०५मध्ये पूर्व लंडनमधल्या मुलांच्या क्लबात गेले ते आपल्या जुन्या शाळेचा क्लब म्हणून. वकिलीच्या उंबरठ्यावरचा तरुण, सुखवस्तू घर, राजकीय मतं पुराणमतवादी. वस्तीतली मुलं आणि त्यांची घरं पाहता पाहता ते बदलले. तिथंच राहायला गेले, समाजकार्य शिकवू लागले, १९२०मध्ये समाजकार्यकर्त्यावर एक पुस्तकही लिहिलं. १९४५मध्ये ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि १९४८मध्ये त्यांच्या सरकारनं राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. १९०५ साली आपल्यासमोर बसवून त्यांना "का?" असं विचारलं असतं तर त्यांच्यापाशी सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

जेन अॅडम्सचंही तसंच. रितेपणातून निघालेल्या त्या बाई १८९५मध्ये आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि भल्या सकाळी कचऱ्याच्या गाड्यांमागं फिरू लागल्या. न उचललेला कचरा आणि वस्तीतल्या बाळांचे मृत्यू यांचा संबंध त्यांना रोज दिसत होता. तोवर त्यांना काय वाटतं हा प्रश्न मागे पडला होता आणि गाडी आली की नाही हा प्रश्न पुढे आला होता. माझ्या अनुभवात टिकणारी माणसं या वळणाला पोहोचलेली असतात. त्यांना विचारा, का करता हे काम, तर ती जरा गोंधळतात आणि मग हातातल्या एखाद्या केसबद्दल बोलायला लागतात. सुनावणी परवा आहे, पोरीच्या शाळेचा दाखला अजून आलेला नाही. मी आता हेच उत्तर मानते.

मग विचारायचं काय? माझ्याजवळ तयार प्रश्नपत्रिका नाही. पण पुढच्या वेळी मला उमेदवाराला विचारायचं आहे, की तू कुणाला मदत केलीस आणि ती चुकली, असं कधी झालं का? कुणी तुझी मदत नाकारली तेव्हा तू काय केलंस? तुझ्या घराजवळ रोज दिसणारी एखादी अडचण सांग, आणि ती कुणाच्या निर्णयामुळे तशी आहे ते सांग. मला त्यांना एक अर्ज भरायला द्यायचा आहे आणि तो न वाचता येणाऱ्या माणसाला समजावून सांगायला लावायचं आहे. त्या दहा मिनिटांत कुणाचा आवाज चढतो, कुणी समोरच्याच्या हातातून कागद ओढून घेतो, कुणी थांबतो, हे आपल्याला दिसेल. 'का' विचारायचंच असेल तर आधी आपण आपलं खरं 'का' सांगू या. टेबलाच्या या बाजूनं कुणी एकानं जरी "मला पगार हवा होता" किंवा "मला घरातून बाहेर पडायचं होतं" असं म्हटलं, तर पलीकडची पाठ केलेली वाक्यं आपोआप गळतील.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सेवाभाव तपासला नाही तर केवळ नोकरीसाठी आलेली कोरडी माणसं भरतील, असा. कोरडी माणसं आपल्या क्षेत्रात आहेत, मी त्यांच्यासोबत काम केलं आहे. पण ती मुलाखतीतून सुटून आली, कारण सेवाभावाची वाक्यं त्यांना चांगली येत होती. कोरडेपणा ओळखायला आपला रकाना आजवर उपयोगी पडलेला नाही. तो पकडतो फक्त खरं बोलणाऱ्याला.

म्हणून माझी विनंती एवढीच, की येत्या प्रवेशाच्या आधी गुणपत्रिकेतून 'सेवाभाव' हा रकाना काढावा. त्याच्या दहा गुणांचं काय करायचं यावर आपण बसून बोलू. मी ही मागणी माझ्या मंडळाकडे लेखी दिली आहे. तुमच्यापैकी ज्यांना पटेल त्यांनी आपापल्या मंडळाकडे द्यावी.

त्या मुलीचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. पहिलं ऐकून माझा हात गुणपत्रिकेकडे गेला. दुसऱ्यात ती म्हणाली होती, हे काम मला जमेल असं वाटतं. असं का वाटतं, तिनं काय केलं होतं, कुणासाठी केलं होतं, हे मी विचारलंच नाही.

आपली,
तुमच्यातलीच एक समाजकार्यकर्ती